इंजिनची अर्धी भाकरी

गुरांच्या सरकारी दवाखान्यात कुत्रं दाखवायला येणारा माणूस त्या काळी सोबत एखादी शेळी घेऊन यायचा. शेळीला काहीही झालेलं नसायचं. आधी ती माझ्यापुढं उभी करायची, "नीट खात न्हाई" म्हणून सांगायचं, मी तपासून "ठणठणीत आहे" म्हणालो की मान हलवायची, आणि मग सहज आठवल्यासारखं दाराबाहेर बोट दाखवून म्हणायचं, "आलोच हाय तर त्येला बी बगा जरा." बाहेर कडुनिंबाखाली कुत्रं बसलेलं असायचं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्यासाठी दवाखान्याची पायरी चढण्यात कमीपणा नव्हता. कुत्र्यासाठी चढलं तर गाव हसायचं.

पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून माझी बहुतेक नोकरी दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत गेली. आमचं खरं काम म्हणजे गाभण न राहणाऱ्या गाई, अडलेल्या म्हशी, लसीकरण आणि पंचायत समितीच्या मीटिंगा. औषधांच्या कपाटात सगळं गाईच्या मापाचं. कुत्र्यांचं शास्त्र कॉलेजात शिकलो होतो तेवढंच. पण शेळीआडून येणाऱ्या या पेशंटांविषयी मला पहिल्यापासून ममत्व वाटायचं, कारण त्यांच्यापायी माणूस उगाच खोटं बोलायचा आणि त्याला ते नीट जमायचं नाही.

आणखी एक सांगून ठेवतो. कुणाच्याही घरी जेवायचं नाही, हा नियम मी नोकरीच्या पहिल्या वर्षीच केला. चहा चालायचा. पण एका घरी जेवलो की दुसऱ्या पार्टीचा माणूस म्हणणार, डॉक्टर त्यांचे. सोसायटीच्या निवडणुकीत पडलेला माणूस गाय आजारी पडली तरी मला बोलावणार नाही, आणि मरण गाईचं. शिवाय अर्ध्या तासापूर्वी माझा हात खांद्यापर्यंत कुठं होता हे यजमानांनी पाहिलेलं असायचं. तरी लोक आग्रह करायचे. मी हात जोडून निघायचो. शिष्ट म्हणून माझी ख्याती झाली आणि ती सोयीची होती.

कुत्र्याच्या संधिवाताबद्दल मला खरं शिक्षण दिलं ते दौंडच्या एका निवृत्त रेल्वे ड्रायव्हरनं. ते शेळी आणत नसत. आपला म्हातारा अल्सेशियन सरळ मुख्य दारानं आत आणत. कुत्र्याचे मागचे सांधे गेले होते. सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत थर असतो आणि मध्ये वंगण असतं. वयानं, वजनानं, जुन्या मारानं तो थर झिजतो आणि हाडावर हाड घासायला लागतं. झिजलेलं परत भरून येत नाही. म्हणजे हा आजार बरा करता येत नाही, फक्त दुखणं कमी करता येतं. हे वाक्य बोलायचं माझ्या जिवावर यायचं. ऐकणाऱ्याला त्यातलं "बरा करता येत नाही" एवढंच ऐकू येतं. ड्रायव्हरसाहेबांनी दुसरा अर्धा भाग ऐकला. त्यांनी घराच्या पायऱ्यांवर फळ्या ठोकून उतार केला, घरभर काथ्याच्या चटया टाकल्या, कुत्र्याचं जेवण कमी केलं आणि रोज संध्याकाळी त्याला प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत सावकाश चालवलं. ते कुत्रं पुढं चांगलं जगलं. मी फक्त मान डोलावली होती.

हे सगळं मला पुन्हा उपयोगी पडलं ते शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या धुळाआबांच्या वेळी. दोन हजार साल उलटून गेलं होतं.

आबा नियमाप्रमाणे एक मेंढी घेऊन आले. उंच, अंगानं सुटलेले, पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडी. स्वतःच दोन्ही गुडघ्यांत वाकून चालत होते. मेंढी माझ्यापेक्षा निरोगी होती. ती पाहून झाल्यावर मीच विचारलं, "आबा, कुत्रं कुठं आहे?"

आबा ओशाळले. "तुमाला कसं कळलं?"

"मेंढीचं काय होतंय ते तुम्हाला अजून ठरवता आलेलं नाही, त्यावरून."

बाहेर झाडाखाली एक थोराड, करड्या रंगाचं धनगरी कुत्रं बसलं होतं. तोंडावर पांढरे केस. नाव इंजिन. आबांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन हिंडणारं. एका वर्षी दौंडकडं भीमेच्या काठानं शेतांत मेंढरं बसवली होती, तेव्हा मालधक्क्याच्या बाजूनं एक पिल्लू आलं आणि कळपामागं चालायला लागलं. चालताना फुसफुस आवाज करायचं म्हणून इंजिन. पुढं त्यानं लांडग्याशी झुंज घेतली, त्यात पुढचा एक पाय दुखावला. तेव्हा आबांनी कोकरांसारखं त्यालाही घोड्यावर टाकून नेलं होतं. आता कळप विकला होता, मुलगा दत्तू रांजणगावला कंपनीत लागला होता, नवं घर झालं होतं आणि आबांकडं हौसेपुरती चार-दोन मेंढरं राहिली होती.

"उठताना वरडतंय," आबा म्हणाले. "सकाळी तर लईच. मनगाट चाटीत बसतंय. परवा सुनंवर गुरकावलं, आसं कवा केलं न्हाई त्यानं."

आबांनी नेमकी लक्षणं सांगितली होती. कुत्रं दुखतंय म्हणून रडत बसत नाही. ते उठायला वेळ लावतं, पायरी टाळतं, दुखरी जागा चाटतं आणि चिडचिड करतं. मी पाय वाकवून पाहिला. जुन्या जखमेचा सांधा दगडासारखा जाड झाला होता आणि आतून करकर लागत होती. मागच्या पायांचं मांस उतरलं होतं. पोट मात्र सुटलेलं.

"डाग दिऊ का?" आबांनी विचारलं. लाल तापवलेल्या सळईनं सांध्यावर डागणं हा आमच्या भागातला जुना उपाय, बैलाला करत, माणसालाही करत.

"नका. आधीच दुखतंय, त्यात भाजून काय मिळणार?"

दत्तू मोटरसायकलला टेकून उभा होता. ड्यूटीवर जायच्या घाईत. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायेब, एक सुई देऊन टाका. आबा त्याच्यापायी झोपत न्हाईत. हाल बघवत न्हाईत हो." तो निर्दयपणे बोलत नव्हता. सुई देऊन जनावराला कायमचं झोपवणं हाही आमच्या कामाचा भाग आहे, आणि काही वेळा तोच उपचार असतो. इथं ती वेळ आलेली नव्हती. मी म्हणालो, "थंडी संपेपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर मी स्वतः येईन." आबांना हे ऐकू गेलं होतं. त्यांनी इंजिनच्या मानेवरचा हात काढला नाही.

घर पाहायचं म्हणून मी कवठ्याला गेलो. अर्धा आजार तिथंच सापडला. इंजिन म्हातारा झाला म्हणून सगळ्यांनी मायेनं त्याला बाहेरच्या मातीतून उचलून नव्या घराच्या पडवीत आणलं होतं. पडवीला चकचकीत फरशी. उठताना त्याचे चारी पाय चार दिशांना जात होते. विश्रांती मिळावी म्हणून त्याला बांधून ठेवलं होतं. आयुष्यभर रोज कोसन्‌कोस चाललेलं जनावर दिवसभर साखळीला बसून होतं. त्याचे सांधे आखडणार नाहीत तर काय होईल! वर दूधभाकरी पोटभर.

मी सांगितलं ते असं. साखळी सोडा. फरशीवर काहीतरी खरबरीत अंथरा. सकाळ-संध्याकाळ सावकाश चालवा, थकेपर्यंत नाही. थंडीत वाळू गरम करून फडक्यात बांधून सांधा शेका, आधी आपल्या हातावर लावून बघा. आणि कुत्र्याला चालणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या मी पुण्याहून मागवून देतो, त्या जेवणावरच द्यायच्या. त्यांच्याबरोबर दुसरं कुठलंही औषध द्यायचं नाही. शेवटचं मी दोनदा सांगितलं.

आबांनी खांद्यावरची घोंगडी काढून तिथंच फरशीवर पसरली. इंजिन तिच्यावर आला, पाय न घसरता उभा राहिला आणि स्वतःलाच नवल वाटल्यासारखा आमच्याकडं बघायला लागला.

"आणि भाकरी कमी करा," मी म्हणालो. "वजन उतरलं की निम्मं दुखणं उतरेल."

"त्ये जमायचं न्हाई," आबा म्हणाले.

मला वाटलं लाड. सून संगीता हसली. ती चटपटीत बाई, अंगणवाडीत काम करायची. तिनं समजावलं. वाड्यावर, म्हणजे मेंढरांसोबत रानात मुक्काम असताना, धनगर जेवायला बसला की भाकरी मोडायची ती मधोमध. अर्धी आपली, अर्धी कुत्र्याची, आणि कुत्र्याची आधी टाकायची. राखण करतो तो पगारी नव्हे, वाटेकरी. निदान आबांच्या घरात तरी ही रीत अशीच चालत आली होती. वाटेकऱ्याचा वाटा कमी करणं म्हणजे चोरी.

"त्याचं दात गेलं तरी त्यो वाटंकरीच हाय," आबा म्हणाले. मी वाद घातला नाही. रीतीशी वाद घालणारा डॉक्टर त्या गावात दुसऱ्यांदा येत नाही.

गोळ्यांनी फरक पडला. इंजिन सकाळी न ओरडता उठायला लागला. आबा त्याला कालव्याच्या कडेनं मऊ मातीतून न्यायचे, दोघेही लंगडत. दत्तूनं एका सुट्टीच्या दिवशी कंपनीतून आणलेल्या खोक्यांच्या फळ्या ठोकून पायऱ्यांवर उतार केला. मी त्याला दौंडच्या ड्रायव्हरसाहेबांचं सांगितलं होतं. सुईचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

मग एका सकाळी त्याचा दवाखान्यात फोन आला. "सायेब, लगेच या. इंजिन पडलाय. काळं डांबरासारखं हागतोय, आन् वकतोय त्यात रगात."

मी गेलो तेव्हा इंजिन घोंगडीवर आडवा होता. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. पोटात रक्त वाहत होतं. मी आधी शिरेतून सलाईन लावलं, पोटाचं इंजेक्शन दिलं आणि मग चौकशी सुरू केली. उंदराचं औषध? नाही. शेजाऱ्यानं काही घातलं? नाही. माझ्या गोळ्या? संगीतानं पाकीट दाखवलं, बरोबर दिलेल्या होत्या, जेवणावरच. आबा, दुसरं काही औषध दिलं का? आबांनी कपाळाला हात लावून येमाईची शपथ घेतली. तुमी सांगितल्यावर कशाला दिऊ?

मला उलगडा होईना. सलाईन चाललं होतं. संगीतानं आबांना बळंच न्याहारीला बसवलं, तिथंच, कुत्र्याजवळ. त्यांनी भाकरी मोडली, अर्धी इंजिनसमोर ठेवली. त्यानं हुंगलीही नाही. आबांनी चार घास कसेबसे गिळले आणि सवयीनं खिशातून एक पट्टी काढली. त्यांच्या गुडघ्यांसाठी शिरूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. एक गोळी काढली, दातांनी मधोमध तोडली, अर्धी तोंडात टाकली आणि उरलेली अर्धी घेऊन त्यांचा हात इंजिनच्या तोंडाकडं गेला.

मी मनगट धरलं. "आबा, हे काय?"

"त्याचा वाटा," आबा म्हणाले.

माणसाला सांधेदुखीवर ज्या गोळ्या चालतात त्यांतल्या बऱ्याचशा कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला झेपत नाहीत. त्यात माझी गोळी चालू, म्हणजे दोन्हींचा मारा एकाच वेळी. आबा खोटं बोलले नव्हते. औषध द्यायचं नाही असं मी सांगितलं होतं, आणि त्यांनी औषध दिलंच नव्हतं. त्यांनी जेवायला बसल्यावर समोर जे होतं त्यातलं अर्धं वाटेकऱ्याला दिलं होतं. मी काय झालं ते सांगितलं. सांगावंच लागलं, नाहीतर दुसऱ्या दिवशीही तेच झालं असतं.

आबांनी ती अर्धी गोळी दूर ठेवली. "म्हंजी माज्या हातनं झालं."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"त्यो माज्या हातचं म्हणून खात व्हता, डाक्टर. त्येला कडू लागत आसंल. तरी खात व्हता."

मला अतिशय वाईट वाटलं आणि ते लपवायला मी सलाईनची नळी उगाच तपासली. दत्तू ड्यूटी बुडवून दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "आता तरी सुटका करायची का त्याची? आबा, तुमी म्हणाल तसं." या वेळी तो प्रश्न रास्त होता. रक्त थांबेल की नाही हे मलाही माहीत नव्हतं. आबांनी माझ्याकडं पाहिलं.

"उद्यापर्यंत थांबू," मी म्हणालो. "रक्त थांबलं तर वाचेल. नाही थांबलं तर मी त्याला त्रास होऊ देणार नाही."

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा हिरड्यांवर किंचित रंग होता. त्याच्या पुढच्या दिवशी त्यानं तांदळाची पेज चाटली. इंजिन वाचला. पण आता दुखण्याची कुठलीच गोळी त्याला द्यायची माझी तयारी नव्हती. हातात राहिलं फक्त चालणं, शेकणं, खरबरीत अंथरूण आणि वजन. म्हणजे आम्ही फिरून भाकरीपाशी आलो.

या वेळी आबाच बोलले. "त्याचं कमी केल्याबिगर भागत न्हाई?"

"नाही."

"मग माजं बी कमी कर गं," ते सुनेला म्हणाले. "निम्म्यानं. वाटा सारका पायजे."

झालं. दुसऱ्या दिवसापासून संगीता भाकरी निम्म्या आकाराची थापायला लागली. ती मोडायची मधोमध, अर्धी इंजिनची, अर्धी आबांची. काही दिवसांनी संगीता दवाखान्यात आली. सोबत शेळी.

"शेळीला काय होतंय?" मी विचारलं.

"शेळीला काय व्हायचंय! सायेब, आबा आर्धपोटी उठत्यात. लोक म्हणतील सून खायाला घालत न्हाई. तुमीच सांगा त्यास्नी."

मी विचार केला. "वाटणी कशाची असते? भाकरीची ना?"

"व्हय, भाकरीचीच."

"कालवणाची नाही?"

ती माझ्याकडं बघत राहिली आणि एकदम हसली. त्या दिवसापासून आबांच्या ताटात उसळ, पालेभाजी, ताक भरपूर यायला लागलं, आणि भाकरी तेवढीच चतकोर. रीत मोडली नाही, पोटही भरलं. शेळीला मी जंताचं औषध देऊन टाकलं, आली होती म्हणून.

उन्हाळा लागेपर्यंत इंजिनचं पोट आत गेलं. लंगडणं राहिलं, ओरडणं गेलं. पहिल्यांदा बांधापर्यंत, मग कालव्यापर्यंत, मग येमाईच्या देवळापर्यंत, अशी दोघांची मजल वाढत गेली. एकदा रस्त्यात भेटले. आबाही उतरले होते आणि गुडघ्यांत वाकणं कमी झालं होतं. मी म्हणालो, "आबा, गुडघे बरे दिसतात." आबांनी मला उडवून लावलं. "माज्या गुडघ्यांचं सोडा. त्येच्या पायाकडं बगा." माझ्या आयुष्यात मी उपचार केलेला तो एकमेव माणूस, आणि त्यालाच ते मान्य नव्हतं.

पुढं माझी बदली पुन्हा दौंडला झाली. केडगाव, वरवंड, पाटस अशी फिरती सुरू झाली आणि कवठे मागं पडलं. काही वर्षांनी शिरूरला एका शिबिरासाठी आलो होतो, परत जाताना वाट वाकडी करून कवठ्याला गेलो. दुपार होती. आबा पडवीत जेवायला बसत होते. काटक झाले होते. फरशीवर घोंगडी तशीच होती, तिच्यावर कुणी नव्हतं. पायऱ्यांवरच्या फळ्याही कुणी काढल्या नव्हत्या.

"कधी?" मी विचारलं.

"औंदा थंडीत. देवळाकडनं चालून आला, घोंगडीवर पडला, उठलाच न्हाई. वरडला बी न्हाई." एवढं सांगून ते पाणी प्यायले. "दत्तूनं बांधाला खड्डा केला. रजा काढून."

मी उभाच होतो. संगीतानं आतून विचारलं, साहेब जेवणार का, आणि मी सवयीनं हात जोडले. आबांनी भाकरी मोडली, मधोमध. अर्धी उचलून हात घोंगडीकडं नेला आणि तो तिथंच थांबला. तो हात पुढंही जाईना आणि मागंही येईना. मग त्यांनी तो माझ्याकडं वळवला.

"घ्या," ते म्हणाले. "वाटा हाय."

मी चपला काढून घोंगडीवर बसलो आणि खाल्ली. भाकरी लहानच होती. सुनेनं आकार अजून तेवढाच ठेवला होता.